हाड सांधण्याचा मुहूर्त



मोडलेले हाड सांधते ही गोष्ट आपल्या इतक्या परिचयाची आहे की, तिच्यात काही नवल आहे असे आपल्याला वाटतच नाही. आंब्यावरून पडलेल्या मुलाचा हात मोडतो, त्याला दवाखान्यात नेतात, प्लास्टर घालतात, वर्गातील सोबती त्या प्लास्टरवर आपापली नावे लिहितात, आणि महिना-दीड महिन्याने तोच मुलगा पुन्हा त्याच आंब्यावर चढतो. पण थोडा विचार केला तर ही किमया साधी नाही. कातडी सांधते ती व्रण ठेवून सांधते. हाड मात्र हाडानेच सांधते, आणि काही वर्षांनी ते कोठे मोडले होते हे क्ष-किरणांच्या चित्रातही शोधावे लागते.

परंतु हाड मोडणे निराळे आणि हाडाचा तुकडाच नाहीसा होणे निराळे. रस्त्यावरच्या अपघातात, कारखान्यातील यंत्रात, बंदुकीच्या गोळीने किंवा हाडात मुरलेल्या पुवामुळे नडगीचे हाड चार बोटे, कधी कधी वीतभर नाहीसे होते. अशा खिंडाराला शरीर आपल्या बळावर भरून काढू शकत नाही. दोन टोकांमध्ये मऊ तंतूंचे मांस भरते, टोके गुळगुळीत होतात आणि पाय लोंबता राहतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी अशा रोग्यापुढे बहुधा एकच वाट असे: पाय कापणे. आज हा पाय पुष्कळदा वाचवता येतो. पण एका शस्त्रक्रियेत क्वचितच. प्रथम जखम शुद्ध करावयाची, मग थांबावयाचे, आणि मग हाड भरावयाचे, असा हा टप्प्याटप्प्यांचा मामला आहे.

शस्त्र कसे चालवावे यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या मोकळ्या दिवसांविषयी. हे दिवस किती असावेत? कोणी ठरवावे? कशावरून ठरवावे? माझे म्हणणे असे आहे की, हाड सांधण्याच्या विद्येचा इतिहास हा हत्यारांच्या इतिहासाइतकाच वाट पाहण्याचा इतिहास आहे. आणि ज्या ज्या वेळी वैद्याला ‘आणखी किती थांबावे’ याचे नवे उत्तर सापडले, त्या त्या वेळी कापले जाणारे पाय वाचले आहेत.

या प्रश्नाची जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. हाड ओढून जागेवर आणावे, अर्जुन, वड, पळस, पिंपळ अशा वृक्षांच्या साली किंवा बांबूच्या कांबी लावून ते बांधावे आणि रोग्याला फळीवर निजवावे, हे त्यात सांगितलेच आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यातील कालमान. थंडीच्या दिवसांत सात-सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच-पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन-तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा. आणि सांधा दृढ होण्यास बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे तेथे सांगितले आहे. आजचा शस्त्रवैद्यही लहान मुलाला महिन्याची आणि प्रौढाला दोन-तीन महिन्यांची मुदत सांगतो. वय आणि ऋतू पाहून मुदत ठरवावी, सर्वांना एकच मापाची पट्टी लावू नये, हे तत्त्व त्या जुन्या वैद्याला पूर्णपणे कळले होते.

मात्र ही मुदत सांधणाऱ्या हाडाची झाली. कातडी फाटून हाड बाहेर आले की प्रश्न पालटे. अशा जखमेत पू होई, ताप चढे आणि रोगी दगावे. म्हणून युरोपातील शस्त्रवैद्य विचार न करता पाय कापून मोकळे होत. आंब्रवाज पारे हा सोळाव्या शतकातील फ्रान्सचा थोर शस्त्रवैद्य. १५६१ साली घोड्याच्या लाथेने त्याच्याच पायाची दोन्ही हाडे मोडली आणि कातडीतून बाहेर आली. दुसऱ्या कोणाचा पाय असता तर त्याने काय सल्ला दिला असता कोण जाणे. पण स्वतःचा पाय त्याने कापू दिला नाही आणि तो बरा झाला. अपवाद म्हणून ही हकीकत सांगत. नियम मृत्यूचाच होता.

हा नियम मोडला तो १८६५ च्या ऑगस्टमध्ये, ग्लासगो शहरात. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. नडगी मोडली होती आणि वर जखम होती. जोसेफ लिस्टरने ती जखम कार्बोलिक ॲसिडात भिजवलेल्या कापडाने झाकली आणि चार दिवस ती उघडलीच नाही. चार दिवसांनी पाहिले तो पू नाही. सहा आठवड्यांनी मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. लिस्टरचे श्रेय जंतूंना मारण्यात आहे असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण त्या चार दिवसांचेही श्रेय त्याला दिले पाहिजे. जखमेला हात न लावता थांबण्याचे धैर्य जंतूंच्या ज्ञानामुळे त्याला आले होते. ज्ञान नसताना थांबणे ही हयगय ठरते. ज्ञान असताना थांबणे हीच चिकित्सा होते.

आता नाहीशा झालेल्या हाडाकडे वळू. नवे हाड येते कोठून? आंब्याचे कलम करणाऱ्या आपल्या कोकणातील माणसाला विचारले तर तो सांगेल की, जीव सालीखाली असतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु माँसो हा असाच झाडांचा जाणकार होता. १७४० च्या सुमारास त्याने प्राण्यांच्या हाडांवरील पातळ पापुद्र्याखाली चांदीच्या तारेची कडी घातली आणि काही काळाने पाहिले, तो कडे हाडाच्या आत गेलेले! अर्थात नवे हाड बाहेरून, त्या पापुद्र्याकडून चढत होते. झाडाची साल जशी आतल्या बाजूने लाकूड वाढवते, तसा हा पापुद्रा हाड वाढवतो, असे त्याने अनुमान केले. पुढे लिआँ येथील ऑलिए याने १८६७ मध्ये अस्थिपुनर्जननावर मोठा ग्रंथ लिहून या पापुद्र्याचे, म्हणजे अस्थ्यावरणाचे, माहात्म्य प्रस्थापित केले.

या मताला आव्हान मिळाले ते पुन्हा ग्लासगोतूनच. लिस्टरचा शिष्य विल्यम मॅकइवेन याच्याकडे तीन-चार वर्षांचा एक मुलगा होता. हाडातील पुवामुळे त्याच्या दंडाच्या हाडाचा बहुतेक सगळा दांडा मरून गेला होता व काढून टाकावा लागला होता. अस्थ्यावरण जागेवर होते, तरीही वर्ष उलटून गेले आणि हाड आले नाही. हात चिंधीसारखा लोंबत होता. त्याच काळात मॅकइवेन मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करी, आणि त्यासाठी त्यांच्या नडग्यांतून पाचरीच्या आकाराचे तुकडे काढावे लागत. हे तुकडे त्याने बारीक केले आणि लोंबत्या दंडाच्या स्नायूंमध्ये चर करून त्यात रचले. हे त्याने एका बैठकीत केले नाही. १८७९-८० मध्ये मधे मधे काळ जाऊ देऊन त्याने तीन वेळा हाड भरले. हाड रुजले, मुलगा मोठा झाला, आणि त्या हाताने काम करून त्याने पोट भरले. माणसाचे हाड माणसात रोवून लांबचे खिंडार भरल्याचे, आणि तेही टप्प्याटप्प्याने भरल्याचे, हे आधुनिक शस्त्रविद्येतील पहिले ठळक उदाहरण होय.

तेव्हा वाद असा राहिला: हाड आवरणातून येते की हाडातूनच? आज आपण म्हणतो की दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे होते. रोवलेल्या हाडातील बहुतेक पेशी मरतात. ते हाड मांडवासारखे उभे राहते. त्यावर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या वेलीसारख्या चढतात, जुने हाड झिजवतात आणि नवे घालतात. म्हणजे बियाणे हवे, मांडव हवा आणि भोवती सकस, रक्ताने भरलेले क्षेत्रही हवे. क्षेत्र रोगट असले तर बियाणे कुजते. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळेचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

हा धडा युरोपला फार मोठ्या किमतीला शिकावा लागला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि फ्लँडर्सच्या खत घातलेल्या शेतांतील चिखल तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर सैनिकांच्या हाडांत गेला. सुरुवातीला जखमा धुऊन लगेच शिवून टाकीत. आत कोंडलेल्या जंतूंनी मग हाहाकार केला. बेल्जियमचा शस्त्रवैद्य अंत्वान दपाज याने आग्रह धरला की, मेलेले मांस कापून टाका आणि जखम उघडीच ठेवा. शिवायचे ते नंतर. पण नंतर म्हणजे केव्हा? याचे उत्तर आलेक्सी कारेल आणि रसायनज्ञ हेन्री डेकिन यांनी फ्रान्समध्ये काँपिएन्य येथे शोधले. जखमेत रबरी नळ्या बसवून दर दोन तासांनी ते डेकिनचे जंतुनाशक पाणी सोडीत. आणि ठराविक दिवसांनी जखमेतील स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजीत. रोज्याच्या ताप-तक्त्यासारखा जंतूंचा तक्ता काढीत. आकडा खाली उतरून तेथेच टिकला म्हणजे जखम शिवण्याचा दिवस आला. आजवर वैद्य नाकाने आणि डोळ्यांनी अजमास करीत होता. येथे प्रथमच शस्त्रक्रियेचा दिवस मोजणीने ठरू लागला.

हाडाचे कलम करण्याच्या बाबतीत मात्र ही मोजणी पुरेशी पडली नाही. वरून भरलेल्या जखमेखाली हाडाच्या फटींत जंतू निद्रिस्त राहत आणि शस्त्र लागताच जागे होत. अमेरिकेतील फ्रेड अल्बी याने विजेच्या करवतीने नडगीची पट्टी कापून दुसरीकडे चपखल बसवण्याची कला सिद्ध केली होती आणि १९१५ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला होता. म्हणजे हत्यार तयार होते, हात तयार होता. पण जखम भरल्यावर सहा-सहा महिने, कधी त्याहूनही अधिक थांबल्याशिवाय शहाणा शस्त्रवैद्य कलमाला हात घालीत नसे. ही वाट भीतीने पाहिलेली होती. ती भीती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पण त्या सहा महिन्यांत सांधे आखडत, स्नायू वाळत, हाडे ठिसूळ होत आणि कित्येकदा रोगीच कंटाळून म्हणे, ‘डॉक्टर, पाय कापा, पण मला मोकळा करा.’

यानंतर स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जुझेप त्रुएता याने अगदी उलट टोकाचा प्रयोग केला. मेलेले मांस काटेकोरपणे कापावयाचे, जखम उघडीच भरून घ्यावयाची, वरून प्लास्टर चढवावयाचे आणि आठवडेच्या आठवडे ते उघडावयाचे नाही. दुर्गंधी असह्य होई. पण त्रुएता प्लास्टर उघडीत नसे. १,०७३ रोग्यांपैकी केवळ ६ दगावले, असे त्याने नमूद केले. कारेल मोजत होता. त्रुएता झाकून स्वस्थ बसत होता. आणि दोघेही यशस्वी होत होते! हा विरोध वरवरचा आहे. दोघांच्याही पद्धतीत एक गोष्ट समान होती: मेलेले ते आधी पूर्णपणे काढून टाकणे. पहिला टप्पा मन लावून केला असेल तर पुढची वाट पुष्कळ प्रकारांनी पाहता येते. पहिला टप्पा कच्चा राहिला तर कोणतीही मुदत शुभ ठरत नाही. आजही या शस्त्रक्रियेचा पहिला नियम हाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आले. वाट पाहण्याचे दिवस कमी झाले; पण खिंडाराचा प्रश्न सुटला नाही. लांब खिंडारात नुसते हाडाचे तुकडे भरले तर शरीर त्यांना शोषून घेई. महिने जात आणि क्ष-किरणांच्या चित्रातून ते तुकडे साखरेसारखे विरघळत जात.

येथे आपल्याला सैबेरियाकडे जावे लागते. पश्चिम सैबेरियातील कुर्गान या आडबाजूच्या शहरात गाव्रिइल इलिझारोव नावाच्या वैद्याने १९५१ च्या सुमारास एक चौकट तयार केली. पायाभोवती लोखंडी कडी, आणि सायकलच्या चाकातील आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा हाडातून आरपार. या चौकटीच्या साहाय्याने त्याने एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. निरोगी हाड हलक्या हाताने, आवरण आणि मज्जा जपून कापले, पाच-सात दिवस स्वस्थ ठेवले आणि मग त्याची टोके रोज एक मिलिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होत जाते. मग खिंडार भरण्यासाठी कलम हवेच कशाला? हाडाचा निरोगी तुकडा रोज एक मिलिमीटर सरकवीत पैलतीराला न्यावयाचा. मागे नवे हाड आपोआप तयार होते.

हा एक मिलिमीटरही चार हप्त्यांत, पाव-पाव मिलिमीटरने सरकवावयाचा. घाई केली, दिवसाला दोन मिलिमीटर नेले, तर हाड धरत नाही. आळस केला, अर्धाच मिलिमीटर नेला, तर हाड वेळेआधीच जुळून बसते आणि पुढे सरकत नाही. मुहूर्त आता महिन्यांत नव्हे, तासांत मोजला जाऊ लागला. आणि तो वैद्याच्या हातातून रोग्याच्या हातात आला, कारण पाना घेऊन रोज चार वेळा नट फिरवावयाचा तो रोग्याने किंवा त्याच्या घरच्यांनी. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रूमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही पाय जुळेना. अखेर तो कुर्गानला गेला, आणि पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू शकला. पुढे इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये तेथे जाऊन बरा झाला, आणि १९८१ मध्ये इलिझारोव इटलीत बोलावला गेला, तेव्हा कोठे पश्चिमेला ही विद्या नीट कळली. तीस वर्षे ती सैबेरियात वाट पाहत होती.

पण या पद्धतीचेही गणित मांडून पाहा. दहा सेंटिमीटरचे खिंडार म्हणजे सरकवण्याचे शंभर दिवस. आणि नवे हाड पक्के होईपर्यंत आणखी तितके किंवा त्याहून अधिक दिवस पायात ती चौकट. तारांच्या छिद्रांतून पू येतो, झोप लागत नाही, घरातून बाहेर पडण्याचा संकोच वाटतो. पाय वाचतो, पण वर्षभराचे आयुष्य त्यासाठी मोजावे लागते.

यावर दुसरी वाट सापडली ती फ्रान्समध्ये, आणि अर्धी अनपेक्षितपणे. आलँ मास्कले हा शस्त्रवैद्य १९८६ मध्ये पू झालेल्या लांब खिंडारांवर उपचार करीत होता. हाडांच्या कामात एक प्रकारचे ॲक्रिलिक सिमेंट पूर्वीच रूढ झालेले होते. इंग्लंडच्या जॉन चार्नलीने १९५० नंतरच्या दशकात कृत्रिम खुबा बसवण्यासाठी ते वापरात आणले आणि जर्मनीत त्यात प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा पडली होती. मास्कलेने रोगट हाड काढून टाकल्यावर त्या पोकळीत या सिमेंटचा ठोकळा बसवला. हेतू एवढाच की जागा रिकामी राहू नये आणि तिच्यात तंतूंचे मांस भरू नये. जखम भरल्यावर त्याने पुन्हा पाय उघडला, तेव्हा ठोकळ्याभोवती शरीराने एक तुकतुकीत, रक्ताने भरलेला पापुद्रा विणलेला दिसला. परक्या वस्तूला शरीर असे वेढून टाकते हे सर्वांना माहीत होते. दुसऱ्या कोणी तो पापुद्रा निरुपयोगी म्हणून कापून टाकला असता. मास्कलेने तो जपला. चिरा देऊन सिमेंट काढले, आणि त्या रिकाम्या पिशवीत रोग्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेला मऊ, जाळीदार कीस भरून पिशवी पुन्हा शिवली. कीस विरघळला नाही. त्याचे हाड झाले. २००० साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अशा ३५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील खिंडारे ५ पासून २४ सेंटिमीटरपर्यंत होती.

श्रोतेहो, द्युआमेलची ती चांदीची कडी आठवा. नाहीशा झालेल्या हाडाबरोबर त्याची साल, ते आवरणही नाहीसे झालेले असते. मास्कलेच्या सिमेंटने शरीराकडून जणू एक नवी साल तयार करून घेतली. ऑलिएला आवरण हवे होते, मॅकइवेनला हाड हवे होते. येथे प्रथम आवरण तयार होते आणि मग त्यात हाड भरले जाते. शंभर वर्षांचा वाद दोन टप्प्यांत मिटला असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या दोन टप्प्यांत अंतर किती? पाठ्यपुस्तकी उत्तर आहे सहा ते आठ आठवडे. हा आकडा इतका रूढ झाला आहे की, तो निसर्गनियम वाटावा. पण तो पापुद्र्याच्या पोटात डोकावून काढलेला नव्हता. वरची कातडी आणि मांस भरून येण्यास व प्रतिजैविकांचा पुरता क्रम संपण्यास साधारण तितके दिवस लागतात, म्हणून तो सोयीचा होता. पापुद्र्याची स्वतंत्र तपासणी नंतर झाली. २००४ मध्ये सशांवरील प्रयोगांत असे दिसले की, हा पापुद्रा नुसती पिशवी नाही. रक्तवाहिन्या आणि हाड वाढवणारी द्रव्ये तो स्वतः स्रवतो, आणि हाड घडवण्याची प्रेरणा देणाऱ्या द्रव्याचे प्रमाण चौथ्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत अधिक असते. २०१३ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी माणसांतील पापुद्रे तपासले. महिन्याच्या पापुद्र्यात ही उपकारक द्रव्ये भरपूर होती. दोन महिन्यांच्या पापुद्र्यात ती निम्म्याहूनही कमी झालेली आढळली. म्हणून दुसरी शस्त्रक्रिया महिन्याच्या आतबाहेर करणे हितकर असावे, असे त्यांनी सुचवले.

तर मग आठ आठवडे थांबणारे सारे वैद्य चुकत आहेत काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रत्यक्षात तीन-तीन, चार-चार महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा भरलेली हाडे रुजल्याची उदाहरणे शस्त्रवैद्यांनी नोंदवलेली आहेत. पापुद्रा जुना झाला म्हणून अगदी वांझ होत नाही. उलट, महिना झाला म्हणून पाय उघडला आणि आत पू शिल्लक असला, तर कमरेतून काढलेले मोलाचे हाड वाया जाते. आणि ते हाड माणसाजवळ अमर्याद नसते. अशा वेळी नवे हाड न भरता पहिलाच टप्पा पुन्हा करणे, पुन्हा सारे धुऊन नवे सिमेंट बसवणे, हेच शहाणपणाचे ठरते. रोग्याला ते अपयश वाटते. वस्तुतः तो सावधपणा असतो.

तात्पर्य हे की, या दोन टप्प्यांच्या मध्ये एकाच वेळी तीन घड्याळे चालू असतात. पहिले जंतूंचे. ते सांगते, थांब. जखम कोरडी होऊ दे, रक्तातील दाहाची खूण उतरू दे. दुसरे पापुद्र्याचे. ते सांगते, फार थांबू नकोस; माझा भर ओसरतो आहे. आणि तिसरे घड्याळ रोग्याच्या घरातले. पहिल्या महायुद्धातील वैद्यांनी पहिल्याच घड्याळाकडे पाहिले आणि रोगी थकून गेले. नवे संशोधन दुसऱ्याकडे लक्ष वेधते. पण तिसऱ्या घड्याळाची टिकटिक ग्रंथांतून फारशी ऐकू येत नाही. रिक्षा चालवणारा, गिरणीत किंवा शेतावर राबणारा माणूस अंथरुणावर असतो तेव्हा त्याची मजुरी बंद असते. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फिटलेले नसते, तोच दुसरीची तारीख येते. तो आठव्या आठवड्याला येत नाही. सहाव्या महिन्याला येतो. त्याला उशीर का झाला याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडणार नाही. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरवताना वैद्याने रक्ताच्या तपासणीइतक्याच आस्थेने घरच्या परिस्थितीची चौकशी केली पाहिजे, आणि पहिल्या दिवशीच रोग्याला स्पष्ट सांगितले पाहिजे की, हे काम दोन हप्त्यांचे आहे.

आणि आपण, रोगी किंवा रोग्याचे आप्त म्हणून, काय ध्यानात ठेवावे? पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरते, वेदना जाते, पाय ताठ उभा राहतो, आणि आता बरे झाले असे वाटू लागते. पण आतला ठोकळा सिमेंटचा असतो. सिमेंट हाड होत नाही आणि हाडाला जुळतही नाही. सारा भार धातूच्या पट्टीवर किंवा सळईवर असतो आणि धातू केव्हातरी थकतो. म्हणून दुसरी खेप चुकवू नये; आणि पहिल्या शस्त्रक्रियेत हाड का भरले नाही म्हणून वैद्याला दोषही देऊ नये. या काळात तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण तिने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि हाड रुजण्यास विलंब लागतो. आठ आठवडे सांगितले असता वैद्याने बारा आठवड्यांवर नेले तर त्याला कारण विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. पण कारण पटले तर थांबण्यात खेदही नसावा.

आपला शेतकरी पहिला पाऊस पडताच पेरणी करीत नाही. तो जमिनीत पाय घालून पाहतो, ढेकूळ हातात घेऊन चुरून पाहतो. चिखल असेल तर बी कुजते, वाळली असेल तर उगवत नाही. मधली जी नेमकी स्थिती, तिला तो वाफसा म्हणतो. वाफसा पंचांगात लिहिलेला नसतो. प्रत्येक शेताचा तो निराळा असतो आणि काळ्या जमिनीत उशिरा येतो. पण म्हणून तो निव्वळ दैवाधीनही नसतो. जाणकाराला तो ओळखता येतो. सुश्रुताने ऋतू आणि वय पाहिले, लिस्टरने चार दिवस हात आवरला, कारेलने जंतू मोजले, इलिझारोवने पाव मिलिमीटर मोजला, मास्कलेने टाकाऊ पापुद्रा जपला. ही सारी माणसे शरीराचा वाफसा ओळखावयास शिकत होती. हे शिक्षण अद्याप पुरे झालेले नाही. सहा आठवडे की चार, हा वाद चालू आहे, आणि तो चालू आहे हे चांगलेच आहे. कारण ज्या विद्येत मुदतीचा आकडा नुसत्या सवयीने म्हटला जातो, तिथे रोग्याकडे पाहणे थांबते.